फुटबॉल मॅनेजर: सहाव्या पातळीवरचा पहिला हंगाम, पायरी पायरीने

फुटबॉल मॅनेजर हा संगणकावरचा खेळ, ज्यात तुम्ही क्लबाचे मॅनेजर असता. तो पहिल्यांदा उघडला की हात आपसूक मँचेस्टर सिटीकडे नाहीतर रेआल माद्रिदकडे जातो. पैसा अमाप, खेळाडू तयार. पहिल्या वर्षी करंडक येतो, दुसऱ्या वर्षी पुन्हा येतो आणि तिसऱ्या वर्षी खेळ बंद पडतो. हा खेळ ज्यांना वर्षानुवर्षं सोडत नाही, ती माणसं बहुधा दुसऱ्या टोकाला असतात. बँकेत खडखडाट, खेळाडू शोधणारा स्काऊट एकही नाही आणि करार मे-जूनमध्ये संपणारे वीस-बावीस खेळाडू. माझं ठाम मत आहे की खेळ शिकायचा तर तिथूनच. हाताशी साधनं कमी असली की प्रत्येक निर्णयाचा परिणाम डोळ्यांसमोर दिसतो.

म्हणून हा लेख इंग्लंडच्या लीगांच्या उतरंडीत सहाव्या पातळीवरच्या एकाच क्लबाला धरून लिहिला आहे: नॅशनल लीग नॉर्थमधला हेरिफर्ड. आवृत्ती फुटबॉल मॅनेजर २०२४. २०२५ची आवृत्ती रद्द झाली, त्यामुळे २४वर खेळणारे अजून भरपूर आहेत. २६मध्ये पडदे बदलले, महिलांचं फुटबॉल आलं, चेंडू आपल्याकडे असतानाची आणि नसतानाची रचना वेगवेगळी ठरवता येऊ लागली. पण संघ कसा वाचायचा आणि घडी कशी बसवायची, हे तिथेही असंच आहे.

हेरिफर्डच का? जुना हेरिफर्ड युनायटेड २०१४ मध्ये कर्जापायी बुडाला आणि त्याच वर्षी नवा क्लब उभा राहिला. त्यात चाहत्यांच्या ट्रस्टचा मोठा वाटा होता. नव्या क्लबाने २०१६, २०१७ आणि २०१८ अशा सलग तीन बढत्या मिळवल्या आणि सहाव्या पातळीवर येऊन थांबला. मैदान तेच, एडगर स्ट्रीट. ५ फेब्रुवारी १९७२ला एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत याच मैदानावर रॉनी रॅडफर्डने लांबून गोल मारून बलाढ्य न्यूकॅसलशी बरोबरी साधली होती आणि जादा वेळेत हेरिफर्डने सामना जिंकला होता. शिवाय हेरिफर्डचा परगणा श्रॉपशरला लागून आहे. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर हे भाऊ ऐंशीच्या दशकात त्याच श्रॉपशरमध्ये घरी बसून हा खेळ लिहीत होते. १९९२ मध्ये तो ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ नावाने बाजारात आला. पुढे प्रकाशक इडॉसशी फारकत झाली. नाव इडॉसकडे गेलं, कोड आणि खेळाडूंची माहिती भावांच्या स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हकडे राहिली आणि २००४च्या अखेरीस सेगाने ‘फुटबॉल मॅनेजर’ आणला. हे नाव त्याआधी केव्हिन टॉम्स यांच्या १९८२च्या खेळाचं होतं. या साऱ्या प्रकाराची सुरुवात त्या खेळापासून मानली जाते.

सेव्ह उभा करताना

नवा सेव्ह, म्हणजे जतन होत जाणारा तुमचा खेळ, सुरू करताना प्रगत मांडणी निवडा. इंग्लंड सहाव्या पातळीपर्यंत चालू ठेवा, जोडीला वेल्स आणि स्कॉटलंड. हेरिफर्ड वेल्सच्या सीमेजवळ आहे. वेल्समधले खेळाडू खेळात भरलेले असले तर ते तुम्हाला सापडतील. बाकीचे देश गाळा. प्रत्येक जास्तीची लीग दिवस पुढे सरकायला वेळ खाते आणि पहिल्या हंगामात ब्राझीलच्या दुसऱ्या विभागात काय चाललं आहे याने तुम्हाला काही फरक पडत नाही. लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर माहितीसाठा मोठा घ्या, ४ असेल तर लहान.

दोन खुणा नीट पाहा. खेळाडूंचे गुण झाकून ठेवण्याची सोय चालूच राहू द्या, म्हणजे ज्याला तुमच्या माणसांनी पाहिलेलं नाही त्याचे आकडे दिसणार नाहीत. आणि आकडे बदलू देणारा खेळातला एडिटर वापरायला बंदी घाला. या दोन गोष्टी सैल ठेवल्या तर शोधण्याचा आनंदच जातो.

मॅनेजरची पूर्वपीठिका विचारतील तिथे ‘संडे लीग’चा खेळाडू आणि प्रशिक्षणाचा परवाना नाही, असं निवडा. मोजके गुण वाटायला मिळतील. ते माणसं हाताळणं, प्रेरणा देणं आणि जिद्द यांत घाला. सुरुवातीला खेळाडू तुमचं ऐकणार नाहीत, त्याला इलाज आहे. बोर्डाकडे पहिल्या परवान्याच्या अभ्यासक्रमासाठी पैसे मागा. नकार आला तर चार सामने जिंकल्यावर पुन्हा मागा.

पहिला आठवडा: खरेदी बंद

बाजार उघडा आहे म्हणून लगेच तिथे धावू नका. आधी तीन कामं.

पहिलं, बोर्डाच्या अपेक्षा वाचा. गुणतालिकेच्या मध्यात राहा म्हणतात की प्लेऑफ हवा म्हणतात? नॅशनल लीग नॉर्थमध्ये २४ संघ आणि ४६ सामने. अव्वल संघ थेट वर जातो. दुसऱ्या ते सातव्या क्रमांकाच्या संघांतून प्लेऑफने आणखी एक. म्हणजे सातवा क्रमांकसुद्धा सोन्यासारखा आहे, हे डोक्यात ठेवूनच सगळं गणित करा.

दुसरं, कामं वाटून द्या. मैत्रीपूर्ण सामने, राखीव संघ, पत्रकार परिषदा आणि रोजच्या सरावाचं वेळापत्रक सहायकाकडे. करार, खरेदी-विक्री, सामन्याआधीची बोलणी आणि सेट-पीस (कॉर्नर, फ्री किक) स्वतःकडे. पत्रकारांचे तेच ते प्रश्न झेलून कंटाळलेला नवखा पहिल्या ख्रिसमसच्या आतच खेळ सोडतो.

तिसरं काम सर्वांत मोठं. एकेक खेळाडू उघडून वाचा.

संघ वाचणं

सगळे गुण १ ते २० मध्ये मोजलेले असतात. सहाव्या पातळीवर पास, तंत्र, दृष्टी हे बहुतेकांचे दहाच्या खालीच असतात. त्याने खट्टू होऊ नका, समोरच्याचेही तसेच आहेत. इथे सामने ठरतात ते वेग, सुरुवातीची झेप, दम, ताकद आणि मध्यरक्षकांची, म्हणजे बचावफळीतल्या मधल्या दोघांची, हवेतली उडी यांवर. सोबत पाहायचे ते कष्टाळूपणा, एकाग्रता आणि अंदाज. वेग १४ असलेला पोरगा पास ६ने देत असला तरी या लीगमध्ये बचावफळी फाडतो. सामना घडवणारं मॅच इंजिन वेगाला झुकतं माप देतं हे चाहत्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे आणि खालच्या लीगांत ते सर्वांत जास्त जाणवतं.

सहायक जे तारे दाखवतो त्यांची किंमत नीट समजून घ्या. ते तारे तुमच्याच संघाच्या तुलनेत असतात आणि ते त्याचं मत असतं. खेळाडू पारखण्याचा त्याचा स्वतःचा गुण ७ असेल तर त्याच्या चार ताऱ्यांवर संघ उभा करू नका. आत खोलवर प्रत्येक खेळाडूचे दोन खरे आकडे दडलेले असतात, आजची कुवत आणि शेवटची मर्यादा, दोन्ही २००पैकी. ते तुम्हाला कधीच दिसत नाहीत. मॅनेजरचं सगळं कौशल्य त्या न दिसणाऱ्या आकड्यांच्या जवळ पोचण्यात आहे.

आकड्यांइतकाच स्वभाव महत्त्वाचा. ‘व्यावसायिक’, ‘निश्चयी’ अशी वर्णनं असलेले खेळाडू हिवाळ्यात खचत नाहीत. ‘महत्त्वाकांक्षा नसलेला’ किंवा ‘चंचल’ असं लिहिलेलं असेल तर तो कितीही गुणी असो, त्याला लांबचा करार देऊ नका. मग संघाच्या आतल्या गोटांचा पडदा पाहा. कोण पुढारी, कोण कुणाच्या कंपूत. संघातल्या पुढाऱ्याला पहिल्याच आठवड्यात विकायला काढलं तर त्याच्या मागची पाच-सहा माणसं रुसतात. कर्णधार बदलायचाच असेल तर सराव सामने सुरू होण्याआधी बदला, मध्येच नको.

हे वाचताना एका वहीत किंवा खेळातल्या संघनियोजनाच्या पडद्यावर अकरा जागांसमोर दोन-दोन नावं लिहा. जिथे दुसरं नाव सुचत नाही ती तुमची खरी गरज. एवढी जागा सोडून बाकी कुणाला विकत घ्यायचं नाही.

फुकटात माणसं कशी आणायची

खरेदीला पैसा नसतोच. तरी तीन दारं उघडी असतात.

एक, करार संपलेले खेळाडू. जुलैत त्यांची रीघ लागते. त्यांचे गुण दिसत नाहीत, म्हणून थेट करार न करता चाचणीला बोलवा. क्लबात राहिल्या दिवसांत तुमचे प्रशिक्षक त्यांना पाहतात आणि झाकलेले आकडे हळूहळू उघडे होतात. स्काऊट नसलेल्या क्लबासाठी याहून चांगली सोय खेळात नाही. एका वेळी आठ-दहा जण बोलवा, एका सराव सामन्यात त्यांनाच अर्धा-अर्धा वेळ खेळवा आणि दोघं-तिघं ठेवा.

दोन, लोन, म्हणजे दुसऱ्या क्लबाचा खेळाडू काही काळ उसना आणणं. वरच्या क्लबांच्या २१ वर्षांखालच्या संघांत शेकडो मुलं बाकावर बसून असतात. बरेच क्लब पगाराचा वाटा न मागता पाठवतात, अट एवढीच की मुलगा खेळला पाहिजे. त्याला खरंच खेळवा. शब्द मोडला तर तो क्लब पुढच्या वेळी मुलगा देताना आढेवेढे घेईल. बोर्डाकडे मोठ्या क्लबाशी संलग्नतेची मागणीही करून ठेवा, ती जमली तर लोनचं दार कायमचं उघडतं. मात्र अर्धा संघ लोनवर उभारू नका. मे महिन्यात सगळे परत जातात आणि ड्रेसिंग रूम रिकामी होते.

तीन, बिनकराराचे खेळाडू. या पातळीवर काही जण आठवड्याच्या पैशावर, करार न करता खेळतात. समोरच्या संघातला असा कुणी आवडला तर त्याच्याशी सरळ बोलता येतं. तुमच्याकडे असा कुणी चमकू लागला तर त्याच दिवशी त्याला करारात बांधा, नाहीतर तुमच्याही बाबतीत हेच होईल.

कराराची कलमं वाचायला वेळ द्या. आठवड्याचा पगार कमी आणि मैदानात उतरल्यावर मिळणारी रक्कम जास्त, असा तोल ठेवला की बाकावर बसणारा महाग पडत नाही. बढती मिळाल्यावर पगार अमुक टक्के वाढेल हे कलम एजंट गोड बोलून घुसवतात. ते काढून टाका किंवा अगदी कमी करा, कारण बढतीनंतर ते सगळ्यांना एकदम लागू होतं. क्लबाच्या मर्जीने एक वर्ष वाढवता येईल असं कलम मात्र आवर्जून मागा.

एकच डावपेच

या पातळीवर बरेच क्लब अर्धवेळ चालतात. खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि आठवड्यातून मोजक्या संध्याकाळी सरावाला येतात. खेळात हे नेमकं उतरवलेलं आहे. सराव कमी, म्हणून नवा डावपेच अंगवळणी पडायलाही वेळ लागतो. तुमचा क्लब कोणत्या प्रकारचा आहे ते क्लबाच्या माहितीत पाहा. अर्धवेळ असेल तर तीन डावपेच ठेवण्याचा मोह सोडा. एक ठेवा आणि जानेवारीपर्यंत दुसऱ्याकडे वळू नका.

मी ४-४-२ सुचवतो, वृत्ती ‘संतुलित’. या लीगांत आघाडीवीर आणि बाजूचे खेळाडू भरपूर मिळतात. आघाडीच्या मागे राहून खेळ रचणारा दहा नंबरचा कलाकार मिळत नाही. पुढे एक धिप्पाड ‘टार्गेट फॉरवर्ड’ (लांबचे पास झेलणारा) आधाराच्या भूमिकेत आणि त्याच्या शेजारी वेगवान ‘पोचर’ (गोलसमोर संधी टिपणारा) आक्रमणाच्या. मध्ये एक जण मागे थांबणारा, दुसरा ‘बॉक्स टू बॉक्स’ (दोन्ही पेनल्टी बॉक्सांदरम्यान पळणारा). उजवा विंगर आक्रमक ठेवला तर त्याच्या मागचा फुलबॅक (बाजूचा बचावपटू) आधारापुरता. डावीकडे उलट, तिथला फुलबॅक पुढे जाईल आणि त्याच्या पुढचा मिडफिल्डर जागा धरून राहील. एका बाजूचे दोघेही पुढे पळाले की मागे उरलेल्या रिकाम्या जागेतूनच गोल खाल्ला जातो. नवख्यांच्या बहुतेक सेव्हमध्ये गळती इथेच असते.

संघाला सूचना तीनपेक्षा जास्त देऊ नका. पास थोडे थेट, लांबून उगाच फटके नकोत, बाजूंनी हल्ला. एवढं पुरे. चेंडू गमावताच झडप घालणारी ‘गेगेनप्रेस’ची तयार मांडणी मोहात पाडते, पण शनिवार-मंगळवार खेळणाऱ्या अर्धवेळ पायांत तेवढा दम नसतो आणि ऑक्टोबरात दुखापतींची यादी लांबते. बचावफळी वर ढकलण्याआधी दोन्ही मध्यरक्षकांचा वेग पाहा. तो ९ असेल तर फळी मागेच बरी.

सेट-पीसवर एक संध्याकाळ घालवा. २०२४ मध्ये त्याची मांडणी नव्याने केली आहे. कॉर्नरला सर्वांत उंच उडी असलेला जवळच्या खांबावर, दुसरा लांबच्या, एक जण गोलकीपरच्या अंगावर उभा आणि दोघं मागे राखणीला. ज्या लीगमध्ये मोकळ्या खेळातून गोल मुश्किलीने होतात तिथे कॉर्नरवरचे गोल हंगामाच्या शेवटी पाच-सहा जागांचा फरक करतात.

सामन्याचा दिवस

पहिले काही सामने नुसत्या ठळक प्रसंगांवर खेळू नका. ‘विस्तृत’ किंवा त्याहून मोठी पातळी ठेवा आणि कॅमेरा असा लावा की सगळं मैदान दिसेल. चेंडूकडे पाहू नका, चेंडूपासून दूर असलेल्यांकडे पाहा. पुढचा गडी एकटा पडतोय का? मध्ये आपले दोन आणि त्यांचे तीन झालेत का? फुलबॅकला दोघं मिळून घेरतात का? पंधरा मिनिटं असं पाहिलं की पहिला बदल आपोआप सुचतो.

आकडेवारीत अपेक्षित गोल, म्हणजे संधींच्या दर्जावरून किती गोल व्हायला हवे होते, हा आकडा दिसेल. एका सामन्याचा तो आकडा काही सिद्ध करत नाही. पाच-सहा सामन्यांचा एकत्र पाहा. संधी चांगल्या मिळूनही गोल होत नसतील तर थांबा, होतील. संधीच मिळत नसतील तर रचनेत दोष आहे. हा फरक कळला की निम्मी घबराट जाते.

मध्यांतराच्या बोलण्यात एकच नियम: खेळाडूंचे चेहरे पाहून बोला. दडपणाखाली असलेल्यांना ‘दडपण नाही, मोकळे खेळा’ आणि निवांत झालेल्यांना ‘मी समाधानी नाही’. प्रत्येक सामन्याला गर्जना केली की तिसऱ्या आठवड्यात तिचा परिणाम शून्य.

एफए कपकडे दुर्लक्ष नको. सहाव्या पातळीचे संघ सप्टेंबरात दुसऱ्या पात्रता फेरीत उतरतात. प्रत्येक फेरीचं बक्षीस तुमच्या पगाराच्या खर्चाच्या मानाने मोठं असतं आणि मोठा क्लब वाट्याला आला तर एका सामन्याने वर्षाचा ताळेबंद सावरतो.

नोव्हेंबरातली घसरण

ती येतेच. सुरुवातीला सहा-सात विजय मिळतात आणि मग अचानक गोल थांबतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं. तुमचं नाव झालेलं असतं आणि समोरचे संघ आता मागे थांबून खेळू लागलेले असतात. आधी जिथे पोचर पळायचा ती मोकळी जागाच उरलेली नसते. अशा वेळी डावपेच फेकून देऊ नका. बॉक्स टू बॉक्सच्या जागी पुढे घुसणारा मिडफिल्डर द्या, खेळ थोडा रुंद करा, गती किंचित उतरवा. घरच्या मैदानावर एवढं आणि बाहेर जुनीच मांडणी.

हरल्यावर जुनी फाईल उघडून सामना पुन्हा खेळण्याची सोय आहे. ती वापरू नका, हे मी कळकळीने सांगतो. वर्षांनंतर चाहते एकमेकांना ज्या गोष्टी सांगतात त्या बहुतेक पराभवांच्याच असतात. बॅकअप मात्र ठेवा. तीन फिरत्या फाईल्स आपोआप जतन होऊ द्या, म्हणजे फाईल खराब झाली तरी वर्षभराची मेहनत वाचेल.

मार्च ते जून

वसंतात युवा अकादमीची नवी तुकडी येते. तिच्या आधी काही आठवडे एक अंदाज येतो. या पातळीवर बहुतेक मुलं कामाची नसतात, पण त्यात एखादा असतो ज्याच्यावर पुढची दहा वर्षं उभी राहतात. मुलांचे स्वभाव बऱ्याच अंशी युवा विभागप्रमुखाच्या स्वभावावर जातात. म्हणून त्या जागेवर नेमताना इतर आकड्यांआधी त्याचा स्वभाव पाहा. ‘व्यावसायिक’ माणूस मिळाला तर पगार थोडा जास्त द्या.

मार्चमध्येच करारांची यादी काढा. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, कोण वरच्या लीगमध्ये टिकेल. जे ठेवायचे त्यांच्याशी बढतीचं चित्र स्पष्ट होण्याआधी बोला, कारण बढतीनंतर तेच खेळाडू जास्त मागतात. सोडायचे त्यांना मेपर्यंत मान द्या, प्लेऑफ त्यांच्याच पायांनी खेळायचा आहे.

चाहत्यांचं जग

हा खेळ एकट्याने खेळला जातो, पण त्याचं आयुष्य चाहत्यांमुळे वाढलं. खेळातली माहिती जगभरचे संशोधक गोळा करतात आणि त्यातले कितीतरी जण आपापल्या गावच्या क्लबाचे चाहतेच असतात. त्या माहितीला इतकी किंमत आली की २००८ मध्ये एव्हर्टनने खेळाडू शोधण्यासाठी ती वापरण्याचा करार केला. चेर्नो सांबा, टोन्टन झोला मुकोको, माक्सिम त्सिगाल्को ही नावं प्रत्यक्ष फुटबॉलमध्ये फार मोठी झाली नाहीत. खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत मात्र ते महान ठरायचे, म्हणून त्या खेळलेल्यांसाठी ती दंतकथा आहेत. त्सिगाल्को २०२०च्या अखेरीस अवघ्या ३७व्या वर्षी गेला, तेव्हा त्याला कधी प्रत्यक्ष खेळताना न पाहिलेली माणसंही हळहळली.

संगणक जुना असेल तर चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२ घ्या. तो २००८ मध्ये मोफत झाला आणि चाहते अजूनही त्यात आजचे संघ भरतात. नव्या आवृत्तीत खेळाडूंचे फोटो आणि क्लबांची बोधचिन्हं चाहत्यांच्या संचातून टाका. सहाव्या पातळीवरच्या पोराचा चेहरा दिसू लागला की त्याला सोडून देणं जड जातं. पहिला हंगाम पार पडला की चाहत्यांच्या ठरलेल्या आव्हानांपैकी एक घ्या. फक्त अकादमीतल्या मुलांवर क्लब वर न्यायचा, किंवा पाच खंडांचे क्लब-करंडक जिंकायचे. दुसऱ्याला वर्षानुवर्षं लागतात.

भारतातला सेव्ह

भारताच्या लीगही खेळात आहेत. मुंबई सिटी किंवा एफसी गोवा घेऊन आयएसएल (इंडियन सुपर लीग) या अव्वल लीगपासून सुरुवात करता येते. एफसी गोवा २०२१ मध्ये आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळला. तो टप्पा पुन्हा गाठून बाद फेरीत जाणं हे चांगलं पहिलं ध्येय आहे. इथे हेरिफर्डची शिकवण जशीच्या तशी लागू पडते. मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळवता येतात, म्हणून संघ किती वर जाईल हे उरलेले सात भारतीय ठरवतात. परदेशी आघाडीवीरावर पैसा उधळण्याआधी भारतीय मध्यरक्षक आणि गोलकीपर पक्के करा. चांगले भारतीय मध्यरक्षक मोजके आहेत आणि बाकीचे क्लबही त्यांच्याच मागे असतात.

ज्यांना कष्टाचीच गोडी लागली आहे त्यांनी मडगावचा चर्चिल ब्रदर्स घ्यावा. दोनदा आय-लीग जिंकलेला हा क्लब २०२४च्या आवृत्तीत आय-लीगमध्येच, म्हणजे आयएसएलच्या खालच्या पातळीवर, आहे. २०२२-२३पासून आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलचं दार उघडलं आहे, म्हणजे पहिला क्रमांकच हवा, प्लेऑफचा आधार नाही. तिथे पहिल्या दिवशी अकरा जागांसमोर दोन-दोन नावं लिहिताना डाव्या फुलबॅकच्या जागेपासून सुरुवात करा. भारतात डाव्या पायाचा चांगला फुलबॅक शोधायला सर्वांत जास्त वेळ लागतो.